खालच्या खुंटीवरचा मग

अमेरिकेचा अध्यक्ष कोण होणार हे हार्लो काउंटीला विचारावं, असं एके काळी म्हणत. म्हणत म्हणजे मुख्यतः आम्हीच म्हणत होतो, पण दर चार वर्षांनी टीव्हीवाले यायचे तेव्हा तेही म्हणायचे. पणजोबांच्या काळापासून हार्लोनं ज्याला मत दिलं तोच व्हाइट हाउसात जाऊन बसला होता. एकदाही चूक नाही. मका, सोयाबीन आणि डुकरं सोडली तर मिरवण्यासारखं आमच्याकडे एवढंच होतं, आणि मका काय, शेजारच्या काउंटीतही पिकतो.

वेशीवर पाटी होती, ‘हार्लो : आम्ही कधीच चुकत नाही.’ ती लॉयल ग्रीबनं लावलेली. लॉयल धान्याच्या कोठाराचा मॅनेजर आणि व्यापारी मंडळाचा अध्यक्ष. मंडळात तीन दुकानं होती, तरी अध्यक्ष तो अध्यक्षच. पाटी लागली त्या दिवशी त्याची बायको म्हणाली होती की रस्त्यावर कशाला, याच्या गळ्यातच अडकवा.

शहरातून आलेल्या पत्रकारांना वाटायचं की आम्ही फार खोल माणसं आहोत. ‘मातीशी नातं सांगणारं साधं शहाणपण’ असलं काहीतरी ते लिहायचे. मी जन्मभर या लोकांना बियाणं विकलं, त्यामुळे ते शहाणपण मला आतून बाहेरून ठाऊक आहे. दुकानात आलेला शेतकरी ‘कुठलं बियाणं चांगलं?’ असं कधी विचारायचा नाही. ‘शेजाऱ्यानं कुठलं नेलं?’ असं विचारायचा. मतदानाचंही तेच. कोण चांगला हा प्रश्न आमच्याकडे कुणाला पडत नसे. ‘येतोय कोण?’ एवढंच विचारायचं, आणि जो येतोय त्याच्या नावापुढचा गोल काळा करून घरी जेवायला जायचं. येतोय कोण हे कळायचं टीव्हीवरून. टीव्हीवाल्यांना कळायचं आमच्याकडून. कोण कुणाला विचारतंय हे विचारायचं कारण पडलं नव्हतं, कारण उत्तर बरोबर येत होतं.

सगळ्या काउंटीत याला अपवाद एकच, आर्विड टोलेफसन. गावाच्या उत्तरेला त्याची डुकरं, लग्न केलं नाही, बोलणं मोजकं. त्याचा दोष असा की तो उमेदवारांची भाषणं पूर्ण वाचायचा. वाचून विचार करायचा आणि ज्याचं पटेल त्याला मत द्यायचा. तो उमेदवार हटकून पडायचा. आर्विडनं एखाद्याचं नाव घेतलं की समजावं, त्या बिचाऱ्यानं आता सामान आवरावं. लोक त्याला हसत, पण मतदानाच्या आधी त्याच्याकडे मुद्दाम जात. ‘आर्विड, यंदा कुणाला रे बुडवतोयस?’ असं विचारून घेत आणि निश्चिंत मनानं उलट मत देत.

हे सगळं चालायचं व्हर्लाच्या कॅफेत. व्हर्ला माझी मामेबहीण. नवरा गेल्यापासून कॅफे एकटीनं चालवते. तिच्या भिंतीवर खुंट्यांच्या दोन ओळी आहेत आणि रोजच्या गिऱ्हाइकांचे मग त्यांवर टांगलेले असतात. निवडणूक झाली की ज्याचा माणूस जिंकला त्यानं मग वरच्या ओळीत टांगायचा, ज्याचा हरला त्यानं खालच्या. हा तिच्या सासऱ्यानं घालून दिलेला नियम. वरची ओळ इतकी भरायची की एकेका खुंटीवर दोन-दोन मग लटकायचे. खालच्या ओळीत आर्विडचा एकट्याचा, कान तुटून परत चिकटवलेला तपकिरी मग. सकाळी साडेपाचला तो यायचा, तो मग घ्यायचा, व्हर्ला त्यात कॉफी ओतायची, आणि दोघं हवापाण्याबद्दल दोन वाक्यं बोलायची. ते दोघं एकमेकांसाठी काय आहेत हे साऱ्या गावाला माहीत होतं. त्यांनाच कुणी सांगितलं नव्हतं.

कॅफे तसा तोट्यातच. हायवेवरच्या पेट्रोल पंपावर बटण दाबलं की कॉफी मिळते, तिथे कोण थांबणार नाही? पण निवडणुकीच्या वर्षी पत्रकारांच्या झुंडी यायच्या. राजमा-खिम्याची तिखट चिली आणि दालचिनीचे रोल खायचे, आमच्या टोप्यांचे फोटो काढायचे आणि भरपूर टीप ठेवून जायचे. त्या एका हंगामाच्या कमाईवर व्हर्ला पुढची तीन वर्षं रेटायची. कॅफे म्हणजे आमचा लौकिक, आणि लौकिक म्हणजे तिचा कॅफे, असं ते गणित होतं.

त्या वर्षी एका बाजूला एक गव्हर्नर होते आणि दुसऱ्या बाजूला एक सेनेटर. नावं सांगत नाही, आमच्याकडे आता ती घेत नाहीत. गव्हर्नर उन्हाळ्यात आर्विडच्या शेतावर आले होते. डुकराचं पिल्लू उचललं, फोटो काढून घेतला, आर्विडशी हात मिळवला आणि गाडीत बसता बसता बाटलीतलं जंतू मारायचं औषध दोन्ही हातांना चोळलं. पिल्लाला हात लावल्यावर नाही. आर्विडशी हात मिळवल्यावर.

‘पिल्लू धुतलेलं होतं,’ एवढंच आर्विड त्यावर म्हणाला. पण त्याच्यापुरता निकाल लागला. भाषणं वाचून झाल्यावर पक्काच झाला. तो सेनेटरला मत देणार हे सप्टेंबरातच जाहीर झालं, आणि गावानं सेनेटरच्या नावानं मनातल्या मनात दोन फुलं वाहून टाकली.

ऑक्टोबरात एक मोठा चॅनल आला. व्हर्लाच्या काउंटरवर नेहमीप्रमाणे काचेच्या दोन बरण्या मांडलेल्या होत्या, एकीवर गव्हर्नरांचं नाव, दुसरीवर सेनेटरचं. कॉफी घेतली की आपल्या माणसाच्या बरणीत मक्याचा एक दाणा टाकायचा. दोन्ही बरण्यांत तळाला सारखेच दाणे होते, कारण येतोय कोण हे अजून कुणाला कळलं नव्हतं आणि लोक दाणा हातात घेऊन वाट बघत होते.

कॅमेरावाल्याला मात्र पंचाईत झाली. ‘बाई,’ तो व्हर्लाला म्हणाला, ‘ही पुढची बरणी रिकामी दिसते. मागून उजेड येतोय, नाव वाचता येत नाही. हिच्यात थोडे दाणे टाकाल का? दिसायला बरं.’

पुढची बरणी गव्हर्नरांची होती. व्हर्लाला पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. तिनं फडताळातून लाह्यांच्या मक्याची पिशवी काढली आणि बरणी गळ्यापर्यंत भरली. आम्ही सगळे तिथेच बसलो होतो. लॉयल होता, मी होतो, आर्विड होता. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. लॉयलनं तर सांडलेले दाणे उचलून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बातम्यांत ती बरणी देशभर दिसली. बातमी देणारी बाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, ‘कधीही न चुकणाऱ्या हार्लोचा कौल स्पष्ट दिसतो आहे.’ कॅफेतल्या टीव्हीसमोर आम्ही बसलो होतो. बरणी टीव्हीच्या बरोबर खाली, काउंटरवरच होती.

लॉयलनं मान डोलावली. ‘म्हणजे गव्हर्नर येतोय.’

‘अरे, ते दाणे मी ओतले,’ व्हर्ला म्हणाली. ‘तू खाली वाकून गोळा केलेस.’

‘केले ना. पण व्हर्ला, एवढा मोठा चॅनल आहे. ते काय नुसत्या बरणीवरून बोलत असतील? त्यांच्याकडे आतली माहिती असणार.’

‘त्यांची आतली माहिती म्हणजे माझं फडताळ.’

‘शिवाय आर्विड सेनेटरकडे आहे,’ लॉयल म्हणाला. ‘आणखी काय पाहिजे तुला? पंचांग आणि हवामानखातं दोन्ही एकच सांगतायत.’

लोक उठले आणि मुठीत धरलेले दाणे गव्हर्नरांच्या बरणीत टाकू लागले. ती भरलेली होती, त्यामुळे दाणे काउंटरवर घरंगळले, आणि ते पाहून तर उरलेल्यांचीही खात्री पटली.

व्हर्लाची खात्री मात्र पटेना. मतदानाच्या आदल्या सकाळी ती माझ्या टेबलाशी येऊन बसली. कधी बसत नाही. आर्विड नेहमीच्या जागी, काउंटरच्या टोकाला पाठमोरा होता.

‘ड्वेन,’ ती मला म्हणाली, ‘चुरस आहे असं म्हणतात. यंदा आपण चुकलो तर?’

‘कसे चुकू?’

‘चुकलो तर चार वर्षांनी इथं कुत्रं येणार नाही. मग मी कॅफे कशावर चालवू? लॉयलच्या पाटीवर?’ तिनं एप्रनला हात पुसले. ‘मी ठरवलंय. चुकलो, तर बंद करायचं आणि अ‍ॅरिझोनाला मुलीकडे जायचं. खोली तयार आहे म्हणते. अंगणात नुसते दगड आणि निवडुंग आहेत, पण बर्फ उपसावा लागत नाही.’

‘आणि तुला करमेल तिथे?’

‘करमायला काय, माणूस कुठेही म्हातारं होतं,’ ती म्हणाली आणि उठून गेली.

आर्विडच्या मगातली कॉफी तशीच होती. तो बराच वेळ तिच्याकडे बघत बसला, कॉफीकडे. मग टोपी चढवली आणि हवापाण्याबद्दल काही न बोलता निघून गेला. मला वाटलं, एखादी डुकरीण व्यायली असेल.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या तळघरात मतदान झालं. आर्विड पडद्याआड गेला तो बाहेरच येईना. एरवी तो मन पक्कं करून आलेला असायचा, आत-बाहेर करायला त्याला वेळ लागत नसे. रांगेतला कुणीतरी ओरडला, ‘आर्विडकाका, आत डुलकी लागली का?’ तो बाहेर आला तेव्हा दाढ काढून आल्यासारखा दिसत होता. कोटाला लावायचा ‘मी मतदान केलं’चा स्टिकर त्यानं घेतला नाही.

निकाल काय लागला ते साऱ्या जगाला ठाऊक आहे. सेनेटर जिंकले. आणि हार्लो काउंटीत गव्हर्नर पुढे होते. एका मतानं.

लॉयलनं फेरमोजणी मागितली. मतं पुन्हा मोजली, तरी ते एक मत जागचं हललं नाही. पणजोबांपासून सांभाळलेली अब्रू एका मतानं गेली. मोठा फरक असता तर आम्ही म्हटलं असतं की वारं फिरलं, लाट आली, देशच वेडा झाला. एका मताला लाट म्हणता येत नाही. एक मत म्हणजे एक माणूस, आणि तो आपल्यातलाच.

मग त्या एका माणसाचा शोध सुरू झाला. इथे आमच्या काउंटीचं खरं शहाणपण दिसलं. गव्हर्नरांना मत दिलेला माणूसच सापडेना. जो तो म्हणे, मी तर पहिल्यापासून सेनेटरकडे होतो. लॉयल म्हणाला, त्याला गव्हर्नरांच्या डोळ्यांतच काहीतरी खोट दिसली होती. पाद्रीबुवा म्हणाले, ते सर्वांसाठी प्रार्थना करतात, पण सेनेटरसाठी थोडी जास्त केली होती. मी कुणाला मत दिलं ते सांगत नाही. मतदान गुप्त असतं, आणि यासाठीच असतं.

सकाळी सगळे कॅफेत आले आणि एकेकानं आपला मग वरच्या ओळीत टांगला. व्हर्ला हाताची घडी घालून बघत उभी होती. निम्म्याहून जास्त काउंटीनं गव्हर्नरांना मत दिलेलं, आणि खाली आर्विडच्या जुन्या मगाशिवाय एक मग नाही. शाळेतल्या पोरांनाही हे गणित चुकलंय हे कळलं असतं.

तेवढ्यात आर्विड आला. आम्ही उठून उभे राहिलो. काही झालं तरी त्याचा माणूस आयुष्यात पहिल्यांदा जिंकला होता.

‘आर्विड, गड्या, घे,’ लॉयलनं स्वतःचा मग सरकवून वरची एक खुंटी मोकळी केली. ‘आलास बाबा एकदाचा वर. आमचं वाटोळं झालं, पण तुझं तरी नशीब उघडलं.’

आर्विडनं तपकिरी मग हातात घेतला. वरच्या खुंटीकडे पाहिलं आणि तो परत खालीच टांगला. कॉफी न घेता बाहेर पडला.

‘सवय,’ लॉयल म्हणाला. ‘हाताला वरची वाट माहीत नाही बिचाऱ्याच्या.’

आम्ही हसलो. व्हर्ला हसली नाही. तिनं दुपारी खिडकीत ‘विकणे आहे’ची पाटी लावली.

पुढच्या आठवड्यात तोच चॅनल पुन्हा आला. तोच कॅमेरावाला, बरोबर एक तरुण वार्ताहर मुलगी. ‘हार्लो का चुकलं?’ असा कार्यक्रम करायचा होता त्यांना. बरोबर असताना आमच्याबद्दल जेवढं कुतूहल नव्हतं तेवढं चुकल्यावर झालं. पण त्या मुलीला गव्हर्नरांचा एक मतदार हवा होता, आणि ती टेबलाटेबलाशी फिरून थकली.

‘असं कसं?’ ती म्हणाली. ‘कुणीतरी दिलंच असेल ना मत?’

‘काउंटीच्या दक्षिणेकडे विचारा,’ लॉयल म्हणाला. ‘तिकडची माणसं सांगता येत नाहीत.’

‘मी दक्षिणेकडूनच आले. त्यांनी मला तुमच्याकडे पाठवलं.’

मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. खुंट्यांचा नियम कुणीतरी तिला सांगितलेला असावा. ‘तो खालचा मग कुणाचा?’

सगळ्यांनी काउंटरच्या टोकाकडे पाहिलं, त्यामुळे सांगायची गरज उरली नाही. मुलगी आर्विडच्या शेजारी जाऊन बसली. कॅमेऱ्याचा दिवा लागला. व्हर्ला कॉफीचं भांडं हातात घेऊन तिथेच थबकली.

‘काका, तुम्ही गव्हर्नरांना मत दिलंत?’

लॉयलनं माझ्या कानाशी कुजबुज केली, ‘आता सांगेल, मग नुसता सवयीनं खाली टांगला म्हणून.’

‘दिलं,’ आर्विड म्हणाला.

मी मनात एक मत इकडून तिकडे करून पाहिलं. आर्विडनं ठरवलं होतं तसं सेनेटरला मत दिलं असतं, तर एका मतानं सेनेटर पुढे राहिले असते. लौकिक राहिला असता. जन्मात पहिल्यांदा त्याचा माणूस जिंकणार होता, आणि नेमक्या त्याच वेळी हा बाबा आपल्या माणसाला सोडून गावाबरोबर गेला. मला त्याचा गळा धरावासा वाटला.

‘तुम्हाला त्यांची कुठली धोरणं पटली?’ मुलीनं विचारलं.

‘एकही नाही.’

‘मग? नेता म्हणून आवडले?’

‘नाही. माझ्याशी हात मिळवून त्यांनी हात धुतला.’

‘तरी मत दिलंत? का?’

आर्विडनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. खोटं बोलायची त्याला सवय नाही आणि या वयात शिकून जमणारही नव्हतं.

‘सगळे म्हणत होते गव्हर्नर येतोय,’ तो म्हणाला. ‘काउंटी बरोबर निघाली तर कॅफे चालू राहणार होता. नाहीतर ती अ‍ॅरिझोनाला जाणार होती. मला आपलं एकच मत. मी म्हटलं, ते तिला द्यावं.’

मुलगी कॅमेरावाल्याकडे वळली. ‘हे वापरता येणार नाही,’ ती हळूच म्हणाली. ‘आपल्याला महागाईबद्दल काहीतरी हवंय.’ दिवा विझला. ती दोघं वायरी गुंडाळून बाहेर पडली, आणि हार्लो काउंटी का चुकली ते देशाला कधीच कळलं नाही.

आम्हाला कळलं होतं. लॉयल टेबलावरचं मीठ बघत होता. सगळ्यांचे मग वर होते आणि कुणाची मान वर होत नव्हती.

व्हर्लानं भांडं शेगडीवर ठेवलं. ‘आर्विड टोलेफसन,’ ती म्हणाली, ‘इतकी वर्षं तुझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. आणि फुटला तो कुठे, तर मतपत्रिकेवर. तोही चुकीच्या माणसाच्या नावापुढे.’

‘मला बरोबर माणूस कधी सापडलाय?’ आर्विड म्हणाला.

‘ते दाणे मी ओतले होते. मी बरणी भरली नसती तर हे सगळं झालंच नसतं.’

‘मी पाहिलं ना.’

‘पाहिलंस आणि तरी?’

‘तुला ते दाणे खरे ठरायला हवे होते,’ तो म्हणाला.

व्हर्लाचे डोळे भरून आले. ते तिनं लपवले नाहीत, एप्रनच्या टोकानं सरळ पुसले. मग ती भिंतीपाशी गेली. वरच्या ओळीत मधोमध तिचा निळा मग असतो, मालकिणीचा, नवऱ्याच्या वेळेपासून कायम वर. तो तिनं काढला, आमच्याकडे तोंड करून सगळ्यांना दिसेल असा क्षणभर धरला, आणि खालच्या ओळीत तपकिरी मगाच्या शेजारी टांगला.

‘मीही गव्हर्नरांनाच दिलं,’ ती म्हणाली. ‘कॅफेसाठी. लाज वाटते, पण दिलं.’

तिनं खिडकीतली पाटी उपसून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

‘आणि अ‍ॅरिझोना?’ आर्विडनं विचारलं.

‘अंगणातले दगड पोरीचे पोरीलाच राहू देत. कॅफे चालला तर चालला, नाहीतर तुझी डुकरं आहेत ना? त्यांना काहीतरी शिजवून घालावंच लागत असेल.’

‘मका घालतो,’ आर्विड म्हणाला.

‘बरणीभर आहे माझ्याकडे,’ ती म्हणाली, आणि त्याचा मग भिंतीवरून काढून त्यात कॉफी ओतली.

आता आणखी कोण आपला मग खाली आणतंय याची वाट बघत असल्यासारखी ती आमच्याकडे वळली. लॉयलनं छताकडे पाहिलं. पाद्रीबुवांनी रोलचा एक तुकडा तोंडात टाकला. माझा हात टेबलावरच राहिला. वरच्या ओळीत मगांची दाटी तशीच होती, एकेका खुंटीवर दोन-दोन, आणि खाली मोकळ्या खुंट्या भरपूर होत्या.